‘ॲब्यूज’ला मराठीत नेमके काय म्हणायचे?

मालवणजवळच्या आमच्या गावात बचत गटाच्या बायकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करून द्यायचे काम माझ्याकडे आले. विषय 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. त्यात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. इंग्रजी मजकुरात या चारही ठिकाणी शब्द एकच, ‘ॲब्यूज’. मी पहिल्या खर्ड्यात ‘आर्थिक गैरवापर’ लिहून मोकळी झाले. वाचून दाखवल्यावर मासे विकणाऱ्या एका वहिनींनी विचारले, “म्हणजे, गटाचे पैशे कोणी खाल्ल्यान काय?”

तिथेच मी खर्डा बाजूला ठेवला आणि शब्दाच्या मुळाशी गेले.

लॅटिनमध्ये ‘उती’ म्हणजे वापरणे. यूज, युटिलिटी, युटेन्सिल हे सगळे त्याच घरातले. त्याला ‘अब’ हा दुरावा दाखवणारा उपसर्ग लागून ‘अबुती’ झाले: भलतीकडे वापरणे, आणि वापरून संपवून टाकणेसुद्धा. रोमन साहित्यशास्त्रात ‘अबुसिओ’ म्हणजे एखादा शब्द त्याच्या हक्काच्या अर्थाबाहेर वापरणे, इतका साधा अर्थ होता. फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत आला आणि पसरत गेला. अधिकाराचा गैरवापर, शिवीगाळ, मारझोड, लहान मुलांवरचे अत्याचार, अमली पदार्थांचे व्यसन, सगळे त्याच्या पोटात. उच्चारातही एक बारकावा आहे: नाम असेल तर शेवटी ‘स’, क्रियापद असेल तर ‘झ’, अगदी ‘यूज’सारखेच.

व्युत्पत्ती धरून चालायचे तर ‘गैरवापर’ बिनचूक ठरतो. पण मराठीत गैरवापर वस्तूचा होतो, पैशाचा होतो, खुर्चीचा होतो. ‘सुनेचा गैरवापर’ असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. माणूस ही वापरायची चीज आहे असे त्यात आधीच गृहीत धरले जाते.

मग ‘छळ’. वर्तमानपत्रात ‘विवाहितेचा छळ’ हे शब्द आपण इतके वाचतो की त्यांची धार बोथट झाली आहे. पण हा शब्द नीट पाहा. संस्कृतात ‘छल’ म्हणजे फसवणूक. गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘द्यूतं छलयतामस्मि’ येते: फसवणाऱ्यांतले द्यूत मी आहे. हिंदीत आजही छल म्हणजे कपटच. मराठीत तो अर्थ ‘छळकपट’ या जोडशब्दात उरला आणि एकटा ‘छळ’ यातनेकडे वळला. महाभारतातल्या एकाच प्रसंगात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी सापडतात: द्यूतात पांडवांशी छल झाला, आणि त्याच सभेत द्रौपदीचा छळ झाला.

मला खरे आश्चर्य वाटले ते पुढे. ‘ॲब्यूज’चाही एक जुना अर्थ फसवणे हाच होता. इंग्रजीत तो मागे पडला, पण ‘डिसॲब्यूज’मध्ये, म्हणजे एखाद्याचा गैरसमज दूर करणे यात, अजून टिकून आहे. फ्रेंचमध्ये तर ‘आब्यूझे’ला फसवण्याचा अर्थ आजही आहे. एकमेकांशी काही नाते नसलेल्या दोन शब्दांत कपट आणि यातना हे दोन्ही अर्थ आले. घरातल्या माणसाने केलेल्या जाचात विश्वासघात असतोच. म्हणून ‘दुर्व्यवहार’ किंवा ‘गैरवर्तन’ यांपेक्षा मला ‘छळ’ हाच शब्द पटतो. गैरवर्तन तर एसटीत वाहकाशीही होते.

‘शोषण’ आता सरसकट वापरतात. मूळ ‘शुष्’, सुकणे. ओलावा ओढून घेणे या अर्थाने तो राबवून घेण्याला चपखल बसतो, शिव्या देण्याला नाही.

आता आमच्याकडचा, मला सर्वांत जवळचा शब्द: ‘काच’. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढणाऱ्यांचे तळवे कधी हातात घेऊन पाहिलेत? दोर एका ओढीने कातडे कापत नाही. रोज त्याच जागी घासतो, आधी लाल, मग सोलपटलेले, मग घट्टा. त्याला काचणे म्हणतात. बैलाच्या मानेला जू काचते, कमरेला नाडी काचते. आणि ‘सासरचा काच’ म्हणजे तेच, एकेक दिवस पाहिला तर दाखवण्याजोगी जखम नाही. मूल होत नाही म्हणून, मुलगा झाला नाही म्हणून हिणवणे या कायद्यात स्पष्टपणे नोंदलेले आहे. त्यासाठी ‘भावनिक’ विशेषण लावलेला कुठलाही तयार शब्द ‘काच’च्या जवळ जात नाही. जुन्या बायका जाच-काच असे जोडून म्हणतात ते उगीच नव्हे.

तरीही एक शब्द चार ठिकाणी चालवायचा हट्ट मी सोडला. इंग्रजीने एका गाठोड्यात बांधलेले मराठीने सोडून वेगवेगळे ठेवले तर वाचणारीला कळते. ‘शाब्दिक’साठी शिवीगाळ आणि पाणउतारा. मालवणीत ‘गाळी’ सगळ्यांना कळतात, पण पाणउतारा हवाच, कारण एकही शिवी न देता माणूस मातीमोल करता येतो. शारीरिकसाठी मारहाण. लैंगिकसाठी कायद्याच्या मजकुरात अत्याचार ठेवला आणि खाली ‘नवऱ्याने केलेली बळजबरीही’ असे उघड लिहिले, कारण अत्याचार म्हटले की परका पुरुष डोळ्यांपुढे येतो.

आणि आर्थिक? त्याच वहिनींना मी कायद्यातले समजावून सांगितले: खर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन विकून टाकणे, घरातल्या हक्काच्या गोष्टींना हात लावू न देणे. त्या पाटी खाली ठेवून म्हणाल्या, “कोंडी करतत म्हण ना मग.”

‘आर्थिक कोंडी’ छापायला गेले आहे. गुहागर, दापोली, श्रीवर्धनकडे यासाठी घरात काय म्हणतात, ते जाणकारांनी जरूर सांगावे. तिकडच्या बायकांसाठी पुढचे पत्रक करायचे आहे.