जातिभेदाविरुद्ध वस्तीगट उभारायचा, तर पहिला पैसा कोणाचा असावा?

गोदाकाठ
सातपूर, अंबड आणि नाशिकरोड परिसरातील आम्ही काही जण जातीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध वस्तीपातळीवर काम करणारा गट सुरू करू पाहत आहोत. आडनाव ऐकून घर भाड्याने नाकारले जाते, सफाई कामगाराला साधनांविना गटारात उतरवले जाते, ॲट्रॉसिटीची फिर्याद घेण्यास टाळाटाळ होते. अशा वेळी त्याच दिवशी त्या माणसाबरोबर जाऊन उभे राहणारे कोणीतरी असावे, एवढाच हेतू आहे. एक पूर्णवेळ कार्यकर्ती, खोलीचे भाडे, टायपिंग-झेरॉक्स, जाण्यायेण्याचा खर्च आणि वकिलाचे मानधन धरले, तर कच्च्या हिशेबाने महिन्याला ४०,००० रुपये लागतील. माझे मत असे की पहिले वर्षभर कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी आणि मोठ्या प्रतिष्ठानांचे अनुदान घेऊ नये. वस्तीतील २०० घरांकडून दरमहा ५० रुपये आणि नोकरदार ६० जणांकडून प्रत्येकी ५०० रुपये घेतले, तर हा खर्च भागतो. ज्या ठेकेदाराविरुद्ध तक्रार करायची तो ज्या कारखान्याचे काम करतो, त्याच कारखान्याच्या पैशावर कार्यालय चालवले, तर तक्रार लिहिताना हात अडखळेल. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि १९३५ पर्यंत लांबला. असे काम कोणत्याही देणगीदाराच्या वार्षिक अहवालात मावत नाही.

सातपूरकर
हेतूशी सहमत आहे, मार्गाशी नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच न्यायाची वर्गणी भरायची, हा उलटा व्यवहार आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास गटांची विषमता कमी करणे हा त्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टात नमूद केलेला विषय आहे. ती भीक नव्हे. राहिला प्रश्न वर्गणीच्या टिकण्याचा. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ हे पत्र १९२० मध्ये निघाले ते शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या आधाराने. पुढे ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये सुरू झाले आणि आर्थिक ओढाताणीत १९२९ मध्ये थांबले. बाबासाहेबांच्या शब्दाला मान देणारा समाज पाठीशी असताना जे घडले, ते तुमच्या ६० नोकरदारांच्या बाबतीत घडणार नाही, असे मानायला आधार काय? तिसऱ्या महिन्यात कोणाची बदली होईल, कोणाचा घराचा हप्ता वाढेल.

गोदाकाठ
शाहू महाराजांच्या मदतीचा दाखला योग्य आहे, परंतु तो दाता स्वतः त्या लढ्यात उतरलेला होता, हे विसरून चालणार नाही. सातपूरच्या एखाद्या कंपनीचा अधिकारी तसा नसतो. त्याला शाळेत संगणक बसवल्याचे छायाचित्र हवे असते, पोलीस ठाण्याच्या पायरीवरचे नको असते. अमेरिकेतील दोन उदाहरणे पाहा. अलाबामातील माँटगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ पासून कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. तेव्हा जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी इतर बायकांना जमवून केक, ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ आणि जेवण विकले व तो पैसा लोकांची ने-आण करणाऱ्या मोटारींच्या इंधनासाठी सभेत आणून दिला. याउलट २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’ चळवळीच्या राष्ट्रीय संस्थेकडे त्या एका वर्षात नऊ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि नोव्हेंबर संपता संपता दहा स्थानिक शाखांनी जाहीर निवेदन काढून त्या पैशाचा हिशेब मागितला. पैसा वर साचतो आणि रस्त्यावर उभे राहणाऱ्याचा हात रिकामा राहतो, ही भीती काल्पनिक नाही.

सातपूरकर
माँटगोमेरीची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या बहिष्काराला देशभरातून, चर्चसंस्थांकडून, परदेशातूनही देणग्या आल्या होत्या. गिलमोरबाईंचे केक हा त्या लढ्याचा अभिमान होता, संपूर्ण ताळेबंद नव्हे.

वहीखाते
मी व्यवसायाने हिशेबनीस आहे, म्हणून दोघांनाही थोडे जमिनीवर आणतो. नव्या गटाला सीएसआर घ्यावा की नाही, हा प्रश्न पहिल्या वर्षी उद्भवतच नाही. कंपनीबाहेरच्या खासगी संस्थेला तो निधी मिळवायचा, तर प्राप्तिकर खात्याकडील दोन्ही नोंदण्या (संस्थेच्या करसवलतीची आणि देणगीदाराच्या करसवलतीची) आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. परदेशी देणगीच्या नेहमीच्या नोंदणीसाठीही तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला दाखवावा लागतो. उरते ती वर्गणी, आणि तीही मोकळी नाही. नोंदणी होण्याआधी धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली परवानगी घ्यावी. गणेश मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. त्यांना जे जमते ते आपल्या सुशिक्षित कार्यकर्त्यांना का जमत नाही, हे मला कधी उमगलेले नाही. सोसायटी म्हणून नोंदणीला सात सभासद लागतात.

पंचवटीकर
मग जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम सुरू करावे आणि एखाद्या सधन व्यक्तीकडून एकरकमी ठेव मिळवून तिच्या व्याजावर गट चालवावा. नाशिकला ही कल्पना परकी नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर खर्च भागवायचा, अशी व्यवस्था केली. दारोदार फिरण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे.

गोदाकाठ
उदाहरण सुंदर आहे, पण ते भिक्षू उषवदाताच्या सासऱ्याविरुद्ध फिर्याद नोंदवायला निघाले नव्हते. शिवाय तुमच्याच शेकडा एकच्या दराने ४०,००० रुपये मिळवायला ४० लाखांचे मुद्दल लागेल, आणि आज बँक तो दर देत नाही. जुन्या संस्थेचे छत्र मात्र विचार करण्यासारखे आहे. अट एवढीच, की कोणती तक्रार घ्यायची हे वस्तीची बैठक ठरवेल.

सावली_नाशिकरोड
चर्चेत सर्व जण पैसा कुठून यावा हे बोलत आहेत. देणाऱ्याचे काय होते, हे कोणी विचारलेले नाही. वस्तीत वर्गणीची पावती फाडली, की कोण गटाबरोबर आहे याची यादी तयार होते. ती मुकादमाच्या हाती लागली, तर कंत्राटावरच्या बाईचे दुसऱ्या दिवसापासूनचे काम जाऊ शकते. गिलमोरबाईंच्या गटाचे नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ होते, म्हणजे पैसा कोणाकडून आला हे विचारले तर सांगायला कोणीच नाही. त्या स्वतः बहिष्काराच्या खटल्यात साक्ष दिल्यावर नोकरीला मुकल्या. तेव्हा गोदाकाठ दादा, मंडळांसारखे फलकावर देणगीदारांची नावे लिहिण्याचा विचार असेल, तर तो आजच सोडून द्यावा.

वहीखाते
ताईंचा मुद्दा रास्त आहे, परंतु निनावी पैसा हिशेबात चालत नाही. नोंदणी झाल्यावर ठरावीक मर्यादेपलीकडच्या निनावी देणग्यांवर ३० टक्के कर बसतो. नाव-पत्त्यासह पावतीची स्थळप्रत कोषाध्यक्षाकडे कुलपात ठेवावी आणि बैठकीत फक्त महिन्याची जमा, खर्च व शिल्लक वाचून दाखवावी. एक बचतही सुचवतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार पीडित व साक्षीदारांचा प्रवासखर्च आणि भत्ता शासनाने द्यायचा असतो, आणि २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडितास स्वयंसेवी संस्था, समाजकार्यकर्ते किंवा वकील यांचे साहाय्य घेण्याचा हक्क स्पष्टपणे दिला आहे. गटाने पहिले तिकीट काढून द्यावे. नंतरचा पैसा शासनाकडून वसूल करणे हेच गटाचे काम समजावे.

सातपूरकर
एवढे कायदे ऐकल्यावर माझे म्हणणे बदलते असे नाही. तीन वर्षांनी दार उघडणार असेल, तर नोंदणी आणि चोख हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा, म्हणजे चौथ्या वर्षी कंपनीसमोर अधिकाराने बसता येईल. आज मी दरमहा ५०० देईन. पण ५० रुपयांचा भार सफाई कामगाराच्या घरावर टाकायला माझा विरोधच राहील. त्यांचा सहभाग हवा असेल, तर मत घ्या, पैसे नकोत.

सावली_नाशिकरोड
साहेब, ज्याने पैसे दिले नाहीत त्याचे मत बैठकीत किती वेळ ऐकले जाते, हे वस्तीतल्या बायका जाणून आहेत. ५० नको असतील तर १० घ्या, पण घ्या. आणि कोषाध्यक्ष वस्तीतलीच बाई असावी. बचत गटाच्या वह्या वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या बायका आमच्याकडे आहेत. त्यांना हिशेब शिकवावा लागणार नाही.

सातपूरकर
मान्य. मग पावत्या, कुलूप, महिन्याचे वाचन आणि ४१कचे कागद हे सारे सांभाळणाऱ्या त्या बाईच्या वेळेचे मानधन गोदाकाठ यांनी ४०,००० मध्ये कुठे धरले आहे, ते आधी सांगावे.