नेटवर्क फार्माकॉलॉजी: अश्वगंधेच्या संयुगांसाठी कटऑफ किती ठेवावेत?

पर्णिका:
अश्वगंधेच्या मुळातली संयुगे ऱ्हुमॅटॉइड संधिवातात कोणत्या प्रथिनांवर काम करत असतील, ते नेटवर्क फार्माकॉलॉजीने, म्हणजे संयुगे, प्रथिने आणि रोग यांचे जाळे संगणकावर मांडून, पाहायचे आहे. संयुगे इम्पॅटमधून (भारतीय औषधी वनस्पतींचा डेटाबेस), टार्गेट म्हणजे संयुग ज्यांना चिकटेल ती प्रथिने स्विसटार्गेटप्रेडिक्शनवरून (त्यांचा अंदाज देणारे साधन), रोगाची जनुके जीनकार्ड्समधून (जनुकांचा डेटाबेस), मग स्ट्रिंग (प्रथिनांमधल्या जोडण्या), सायटोस्केप (जाळे काढायचे सॉफ्टवेअर) आणि डॉकिंग (संयुग प्रथिनात कसे बसते ते संगणकावर पाहणे) असा बेत आहे. कटऑफ (ज्या गुणाखालचे वगळायचे ती मर्यादा) कुठे किती ठेवू? हबमध्ये, म्हणजे सर्वाधिक जोडण्या असलेल्या प्रथिनांत, एकेटी१, टीपी५३, टीएनएफ, आयएल६ आलेत. ते धरून चालू का?

कणाद७:
आधी हबचे बघू. ही चार नावे जवळपास कुठल्याही वनस्पतीच्या जाळ्यात वर येतात. स्ट्रिंग शोधनिबंधांत एकत्र उल्लेख झालेल्या प्रथिनांनाही जोडते, त्यामुळे ज्यांच्यावर संशोधन जास्त त्यांची डिग्री (जोडण्यांची संख्या) फुगते. पुराव्याच्या प्रकारांत टेक्स्टमायनिंग (निबंधांतले उल्लेख) बंद करा, एक्सपेरिमेंट्स आणि डेटाबेसेस एवढेच ठेवा, कॉन्फिडन्स (जोडणीच्या खात्रीचा गुण) ०.४ वरून ०.७ करा आणि जाळे पुन्हा काढा.

त्यानंतर कंट्रोल. तुमची टार्गेट जितकी, तितकीच प्रथिने स्विसटार्गेटप्रेडिक्शनच्या पूर्ण टार्गेट-यादीतून यादृच्छिक उचला आणि पुढची सगळी प्रक्रिया तशीच चालवा. असे १००० वेळा. एखादे प्रथिन त्यात ५० पेक्षा जास्त वेळा हब ठरले, तर ते अश्वगंधेच्या नावावर मांडू नका. बहुतेक निबंधांत हा कंट्रोल नसतो, आणि माझ्या मते तीच या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव आहे.

आता संयुगे. इम्पॅटमध्ये वनस्पतीचा भाग नोंदलेला असतो, त्यावर गाळणी लावाच. उदाहरणार्थ, विथाफेरिन ए हे संयुग पानांत मुळांपेक्षा बरेच जास्त असते. स्माइल्स (रेणूची रचना अक्षरांत लिहिण्याची पद्धत) आयसोमेरिक घ्या, नाहीतर विथानोलाइडांची (विथाफेरिन ए ज्यात मोडते त्या संयुगगटाची) त्रिमितीय रचना हरवते आणि निरनिराळे समघटक एकच संयुग होऊन बसतात. लिपिन्स्कीचा नियम (रेणुभार वगैरेंवरून तोंडावाटे घ्यायच्या औषधाची योग्यता ठरवणारा) डोळे मिटून लावू नका. विथानोसाइड ४ चा रेणुभार सुमारे ७८३, म्हणून ते बाद होते. पण शरीरात त्याची साखर सुटून सोमिनोन बनते. अशा ग्लायकोसाइडांची (साखर जोडलेल्या संयुगांची) चयापचयातून बनणारी रूपे यादीत वेगळी घाला.

स्विसटार्गेटप्रेडिक्शन १०० टार्गेटपर्यंत यादी देते. त्यातल्या कित्येकांची प्रॉबॅबिलिटी शून्य असते. सगळी यादी उचलणे ही नेहमीची चूक. ०.१ च्या खालचे सोडा. हा अंदाज ज्ञात लिगँडशी (प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूशी) असलेल्या साम्यावर चालतो, आणि विथानोलाइडांसारखे लिगँड थोडेच असल्याने तुमचे गुण कमी येतील. म्हणून केम्बल या डेटाबेसमधली प्रयोगसिद्ध टार्गेट वेगळी जोडा आणि सायटोस्केपमध्ये त्यांच्या कडा वेगळ्या रंगात दाखवा.

पर्णिका:
जीनकार्ड्सची यादी हजारोंत गेली आहे. गुणांच्या मध्यकाच्या वरची घेऊ का? आणि केगमध्ये (जैविक पाथवेंचा डेटाबेस) 'पाथवेज इन कॅन्सर' सर्वांत वर का येतो?

रेणूशोध:
मध्यकाला जैविक अर्थ नाही. ओपन टार्गेट्स (रोग आणि जनुकांचा संबंध दाखवणारा डेटाबेस) वापरा. तिथे पुरावा प्रकारानुसार वेगळा दिसतो, त्यातला जनुकीय पुरावा असलेली जनुके आधी घ्या.

कॅन्सर येतो तो बॅकग्राउंडमुळे. क्लस्टरप्रोफायलरमध्ये (यादीत कोणते पाथवे जास्त दिसतात ते तपासणारे सॉफ्टवेअर) युनिव्हर्स, म्हणजे तुलनेची पार्श्वयादी, दिला नाही तर तुलना केगमध्ये नोंद असलेल्या सगळ्या जनुकांशी होते. तुमची यादी मात्र फक्त औषधांच्या ओळखीच्या लक्ष्यांतून आलेली आहे, आणि त्यात कॅन्सरच्या पाथवेंत वारंवार येणारी कायनेज ही विकरे भरपूर. युनिव्हर्स म्हणून टार्गेट-साधनाची पूर्ण यादी द्या. बरेच पाथवे गळतील.

डॉकिंगमध्ये प्रथिनाच्या रचनेतला मूळ लिगँड आधी परत बसवून पाहा. आरएमएसडी (मूळ जागेपासूनचे सरासरी अंतर) २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तरच पुढे जा. व्हिना या डॉकिंग सॉफ्टवेअरमध्ये एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा तो आकडा) मुळात ८ असतो, तो ३२ करा. "उणे ५ किलोकॅलरीपेक्षा कमी म्हणजे चांगले बंधन" हा निकष सोडा. रेणू मोठा असला की गुण आपोआप चांगले येतात, म्हणून त्याच खाचेतला ज्ञात इनहिबिटर (प्रथिनाचे काम रोखणारा रेणू) शेजारी ठेवून तुलना करा.

कणाद७:
एक राहिले. विथाफेरिन ए प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी सहसंयुज (कोव्हॅलंट) बंध करते. उदाहरणार्थ, व्हिमेंटिन या प्रथिनात ३२८ क्रमांकाच्या सिस्टीनशी. साध्या व्हिनाला हा बंध दिसत नाही. त्याच्यासाठी कोव्हॅलंट डॉकिंग वेगळे करा, बाकीच्यांच्या तक्त्यात त्याचे गुण मिसळू नका.