लायटर की फेरो रॉड? दोन्ही, पण कापूस विसरू नका

पावसाळी ट्रेकला फेरो रॉड (खरवडल्यावर ठिणग्या देणारी धातूची कांडी) घ्यावा की साधा लायटर पुरेल, हा मूळ प्रश्न. माझ्या मते लायटर नेहमीसाठी, रॉड अडीअडचणीला, आणि दोन्ही वेगवेगळ्या खिशांत.

काडेपेटीवर मात्र भिस्त ठेवू नका. जुलैत हरिश्चंद्रगडावर माझ्या काड्या कोरड्या राहिल्या, पण पेटीच्या कडेची तपकिरी पट्टी दमटली आणि काडी घासताच लगद्यासारखी निघून आली. तांबडा फॉस्फरस त्या पट्टीतच असतो. ती गेली की सेफ्टी काड्या फुकट.

लायटर भिजला तर झटकून, चाकावर फुंकर मारून सुकवता येतो. हिमालयात अडचण वेगळी. लायटरमधलं द्रवरूप इंधन, ब्यूटेन, शून्य अंशांच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, म्हणून तिथे तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेत हवा.

फेरो रॉड भिजला तरी पुसला की चालतो, ठिणगी ३००० अंशांच्या घरात जाते. नव्या रॉडवरचा काळा लेप आधी खरवडून काढा. पण ठिणगी म्हणजे जाळ नव्हे! व्हॅसलीन चोळलेला कापूस डबीत न्या, आणि वापरताना तो पिंजून तंतू मोकळे करा. गोळा पेट घेत नाही. जाळ धरला की कापराच्या वड्या आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, त्या ओल्या असल्या तरी पेटतात. मुंबईच्या दमट हवेत घरीच, ताटलीत, ओल्या हातांनी सराव करा.

सराव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नको, तिथे आग पेटवणं गुन्हा आहे.