मदत हवी आहे: पेपरमिंटच्या डबीत कोकणी घराची ओटी

पेपरमिंटच्या गोळ्यांची बिजागरीवाली पत्र्याची डबी आहे. आतलं माप ९२ × ५८ × २० मिमी. त्यात ओटी, झोपाळा, मागे माजघराचं दार आणि वर कौलं बसवायची आहेत. अडचणी अशा:

भिंतीचा कागद फेविकॉलने लावला, तो दोन दिवसांत पापडासारखा सुटून आला. आइस्क्रीमच्या काडीचा झोपाळा ओंडका वाटतो. एलईडी बाहेर पेटतो, डबीत ठेवला की विझतो. आणि कौलांना काय वापरू?

जांभाचिरा
फेविकॉलमधलं पाणी मुरलं किंवा उडालं तरच तो धरतो. पत्रा पाणी पीत नाही, त्यामुळे कागद आणि पत्रा यांच्यामध्ये नुसती साय तयार होते. पत्र्याला काही चिकटवूच नका. १ मिमी पुठ्ठ्याचं उघडं खोकं करा, प्रत्येक बाजूने डबीपेक्षा अर्धा मिमी लहान. सगळं काम त्यात, टेबलावर करा आणि शेवटी डबीत सरकवा. पाठीला दुहेरी टेपचा एक तुकडा पुरे. पुठ्ठ्याला एकाच बाजूने रंग दिलात तर तो वाकेल. पाठीलाही पाणीदार फेविकॉलचा एक हात द्या.

डबी बिजागरी खाली येईल अशी लांब बाजूवर उभी करा. झाकण पुढे पडतं, त्याचं आपोआप अंगण होतं आणि झाकणाचा काठ म्हणजे गडगा.

कातरबाई
प्रमाण १:४८ धरा, म्हणजे एक फूट = साधारण ६.३ मिमी. जुन्या घराचं साडेपाच फुटी दार ३५ मिमी होतं. पाच बाय दोन फुटांचा झोपाळा ३२ × १३ मिमी. आइस्क्रीमची काडी २ मिमी जाड असते, म्हणजे या प्रमाणात जवळजवळ चार इंच जाड फळी! ओंडका दिसणारच. १ मिमी पुठ्ठा घ्या, सुईने लांबीत रेषा ओढा, कॉफीचं पाणी फिरवा. कड्यांना खोट्या दागिन्यांची सर्वांत बारीक पितळी साखळी. झोपाळा मात्र गच्च बसवा, टांगता ठेवलात तर डबी हलवली की साखळ्यांचा गुंता होतो.

कौलं: टूथपिक शेजारी शेजारी टेपवर चिकटवा, वर क्लिंग फिल्म, त्यावर टिश्यू पेपर आणि निम्मं पाणी घातलेला फेविकॉल. ओलं असतानाच सुईच्या पाठीने खाचा दाबा. वाळल्यावर सोलून काढा, नळीच्या कौलांचं पान तयार. गेरूवर मधूनमधून काळपट हिरवा टिपका द्या. पावसाळे बघितलेली कौलं एका रंगाची नसतात.

हंड्याला ६ मिमीचा पितळी मणी घ्या, तोंडावर बारीक कडी चिकटवा. मोहरी, तांदूळ असलं काही आत ठेवू नका, किडे होतात. जमिनीला खरं शेण-माती नको, वाळताना आकसून तडे जातात. लाकडाचा भुसा चहाच्या गाळणीने चाळून फेविकॉलमध्ये कालवा, तपकिरी पोस्टर कलरमध्ये चिमूटभर हिरवा, आणि बोटाने अर्धगोल फराटे. सारवल्यासारखं दिसतं ते त्या फराट्यांनी, रंगाने नव्हे.

तांब्याचीतार
एलईडीचे उघडे पाय पत्र्याला टेकतात, तिथेच शॉर्ट होतं. पायांवर प्लॅस्टिकची बारीक नळी चढवा, जोडणीला इनॅमलचा लेप असलेली तार वापरा. सेल कोणता आहे? २०३२ नंबरचा बटण सेल असेल तर तो २० मिमी व्यासाचा, कौलांखालच्या माळ्यावर मावणार नाही. १२२० घ्या, १२.५ मिमी. तोही ३ व्होल्टचाच, फक्त लवकर संपतो. वॉर्म व्हाइट एलईडी त्यावर थेट चालतो, लांब पाय प्लसला. एलईडी वळचणीच्या आत लपवा, उजेड भिंतीवर पडू दे. घरात लहान मूल असेल तर सेलची जागा टेपने पक्की बंद करा, गिळला तर जिवावर बेतू शकतं.

धागाकर्ता
सेल २०३२च होता. पुठ्ठ्याचं खोकं केलं. चिऱ्यांची जोती थर्माकोलची करायची होती, फेविबॉण्ड लावल्यावर तो विरघळला. आणि झाकणावर तुळशीवृंदावन ठेवलं तर डबी मिटेल का?

जांभाचिरा
फेविबॉण्डमधलं द्रावक थर्माकोल खातं. तिथे फेविकॉलच. स्प्रे रंगही नको.

वृंदावन बिजागरीपासून जितकं लांब, तितक्याच उंचीवर ते मिटताना आत येतं. ३० मिमीवर ठेवलंत तर जमिनीपासून ३० मिमी वर आडवं घुसेल. म्हणून दाराच्या समोर ठेवा, झोपाळ्यासमोर नको. उंची १२ मिमी, म्हणजे दोन फुटी. चिकटवायच्या आधी मळलेल्या कणकेची गोळी तिथे ठेवून डबी मिटून बघा. दबली तर तेवढी उंची कमी करा.