हिरडीच्या ग्राफ्टवर पांढरा थर आला आहे, काळजी करावी का?

प्रश्न (सांगली)
आईच्या खालच्या पुढच्या दातांची हिरडी उतरून मुळे उघडी पडली होती, म्हणून या आठवड्याच्या सुरुवातीला तोंडातल्या टाळूचा तुकडा घेऊन तेथे ग्राफ्ट बसवण्यात आले. आता त्यावर पांढुरका थर दिसतो आणि हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखते. ग्राफ्ट वाया गेले असेल का? शेजारच्या काकू हळद दाबायला सांगतात. हळदीच्या पेठेचे गाव आमचे, तरीही मला धीर होत नाही.

उत्तर १ (दंतवैद्य, मिरज)
केवळ पांढऱ्या थरावरून ग्राफ्ट गेले असे म्हणता येत नाही. टाळूतून काढलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस तो खालून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो, मग हळूहळू त्यात नव्या केशवाहिन्या शिरतात, आणि या काळात त्याचा वरचा पातळ पापुद्रा गळत असल्याने जागा पांढरी दिसते. तुकडा हलला तर या कोवळ्या वाहिन्या तुटतात, म्हणून ओठ ओढून रोज आरशात पाहणे आधी बंद करावे. टाळूची जखम उघडी असल्याने जास्त दुखते. ती बहुधा दोन ते चार आठवड्यांत भरते. हळद लावू नये, तिचे कण टाक्यांत अडकतात. डॉक्टर सांगेपर्यंत तेथे ब्रश न लावता त्यांनी दिलेल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रावणाने अलगद चूळ भरावी. टाळूतून रक्त आल्यास ओले गॉज वीस मिनिटे दाबून धरावे. तरीही ते न थांबल्यास, तसेच ताप, पू, वाढती सूज किंवा ग्राफ्ट सैल झाल्याचे दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे.

उत्तर २ (सातारा)
माझीही हीच शस्त्रक्रिया झाली आहे. गार करून खाल्लेला मऊ भात आणि पातळ वरण सोसले, मात्र भडंगासारखे कुरकुरीत काही जखम भरेपर्यंत घरात दिसेल असे ठेवू नये, कारण हात जातोच.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. आईला सकाळी मिश्री लावण्याची सवय आहे. ती कधी सुरू करता येईल?

उत्तर १ (दंतवैद्य, मिरज)
सुरू करूच नये. बोटाच्या घर्षणाने ग्राफ्ट हलते आणि तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणजे ज्या रक्तावर ग्राफ्ट जगायचे तेच कमी पडते. हिरडीचा रंग व आकार स्थिरावण्यास काही महिने लागतात. मूळ पूर्ण झाकले जाईल की नाही हे दोन दातांच्या मधले हाड किती शिल्लक आहे यावर ठरते, तेव्हा टाके काढताना एक्स-रे पाहून डॉक्टरांना तेवढे अवश्य विचारावे.