पिट्टी बेट पर्यटकांना दाखवावं का?

खाडीकाठ (ऐरोली): आमच्या ग्रुपची लक्षद्वीप ट्रिप ठरतेय. एजंटने यादीत ‘पक्ष्यांचं बेट’ घातलंय, म्हणजे पिट्टी. मी म्हटलं वगळा, तर ग्रुपवर रणकंदन! कवरत्तीपासून साधारण 24 किमीवर जेमतेम सव्वा हेक्टर वाळू नि प्रवाळाचा चुरा, झाड औषधालाही नाही. तिथे सूटी टर्न, नॉडी असे समुद्रपक्षी वीण करतात. 2020 मध्ये भोवतालच्या समुद्रासकट 62 चौ. किमी राखीव झालं. तिथे बोटी नेऊच नयेत असं माझं मत.

ठाणेकर_बाबा: उतरतंय कोण? लांबूनच बघू. ऐरोलीहून वनखात्याच्या बोटीतून फ्लेमिंगो बघतोच की आपण. ठाण्याची खाडी 2015 ला अभयारण्य झाली, 2022 ला रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, बोटी चालूच आहेत. मग तिकडेच सोवळं कशाला?

खाडीकाठ: बाबा, फ्लेमिंगो इथे फक्त चरायला येतात, घरटी तिकडे कच्छच्या रणात. बोटीने दचकले तर उडून पलीकडच्या चिखलात बसतील. सूटी टर्न उघड्या वाळूवर एकच अंडं घालतो. वसाहत उठली की अंडी उन्हात भाजतात. आईबाप अंड्यावर बसतात ते ऊब द्यायला कमी, सावली धरायला जास्त. शिवाय त्याची पिसं भिजतात, त्यामुळे पाण्यावर बसून बोट जाण्याची वाट बघणंही त्याला परवडत नाही.

नेरुळची_मीना: पटलं नाही. नेरुळच्या तळ्यात 2024 ला फ्लेमिंगो मेले तेव्हा आरडाओरडा कोणी केला? रोज बघणाऱ्यांनीच. जे बेट कोणी बघितलंच नाही, त्याच्यासाठी उद्या कोण भांडणार?

खाडीकाठ: मीनाताई, मुद्दा बिनतोड आहे, पण तळं तुमच्या खिडकीखाली आहे. पिट्टीवर आपण आयुष्यात एकदा जाणार, फोटो काढून परत. तिथले रोजचे डोळे मच्छीमारांचे. पक्ष्यांचा थवा घिरट्या घालतो तिथे खाली टूना असतो, हे त्यांना ठाऊक असतं. पूर्वी अंडी गोळा व्हायची तीही स्थानिकांकडूनच, हे खरं. तरी राखणदारी त्यांनाच द्यावी, आपल्याला नव्हे.

ठाणेकर_बाबा: म्हणजे अंडी उचलणारे राखणदार, आणि दुर्बीण घेऊन बसणारा मी गुन्हेगार? व्वा!

नेरुळची_मीना: बाबा, चिडू नका. विणीचा हंगाम सोडून गेलं तर?

खाडीकाठ: मग पक्षी बहुतेक समुद्रावर पांगलेले असणार. एवढं पेट्रोल जाळून बाबांना वाळूच दिसेल.

ठाणेकर_बाबा: चालेल. एजंटला तारीख विचारतो.