मदत हवी आहे: ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी आमदारांना गावात बोलवायचंय, कार्यक्रम कसा आखावा?

डोंगरकडा:

नमस्कार मंडळी. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. दसरा झाला की गाव रिकामं व्हायला लागतं. दिवाळीनंतर उरतात ती म्हातारी माणसं आणि विहिरीला पाणी असलेली मोजकी घरं. बाकी सगळे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. लेकरंही सोबत जातात. थोरली मुलगी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळते, पोरगा जरा मोठा झाला की वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायला लागतो.

यावर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. शाळा व्यवस्थापन समितीनेच ते चालवायचं. आई-बाप गेले तरी मूल आजी-आजोबांजवळ राहतं आणि जेवण शाळेत मिळतं. कागदावर काहीच खोट नाही. पण गाड्या सुटतात दसरा-दिवाळीला आणि आमच्याकडे मंजुरीचा आदेश येतो कधी डिसेंबरात, कधी जानेवारीत. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर दारात उभा, भांडीकुंडी भरून झालेली, आणि आम्ही त्या बाईला सांगतोय की पोरीला ठेव, मंजुरी येणारच आहे. ती म्हणते, "आन् नाय आली तर सासूनं तिला काय घालावं?" याला आमच्यापाशी उत्तर नसतं.

मी समितीत पालक म्हणून आहे, बचत गटाचंही काम बघते. यंदा गाड्या सुटायच्या आत आमदारांना शाळेत बोलवून हा विषय त्यांच्या पदरात टाकायचा असं आम्हा बायकांनी ठरवलंय. पण धास्ती आहे. मागे एक मोठे पाहुणे आले होते. लेकरं उन्हात ताटकळली, स्वागतगीत झालं, हार-शाल-श्रीफळ झालं, "मी तुमच्या पाठीशी आहे" झालं आणि गाड्यांचा ताफा निघून गेला. हातात काय? फोटो.

तर तसं होऊ नये म्हणून काय करावं? कार्यक्रम कधी घ्यावा, कोणाला बोलवावं, नेमकं मागावं काय? ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. "आमदार काही करत नसतात" हे आम्हालाही माहीत आहे, ते सोडून बोला. :)

जुनाकारकून:

ताई, मी बरीच वर्षं एका आमदारांच्या कार्यालयात टपाल आणि दौरे बघत होतो. पलीकडच्या बाजूने सांगतो.

दिवसाला येणाऱ्या निवेदनांत निम्म्याहून जास्त ठिकाणी शेवटी लिहिलेलं असतं, "तरी आपण जातीने लक्ष घालावे". त्यावर साहेब शेरा मारतात "योग्य कार्यवाही करावी" आणि कागद फाइलला लागतो. तुम्ही एकच गोष्ट मागा आणि तारखेसकट मागा: आमच्या तालुक्यातल्या हंगामी वसतिगृहांचे मंजुरी आदेश गाड्या सुटायच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेर, शाळांच्या हातात पडावेत. रस्ता, सभामंडप, स्मशानभूमीचं शेड यातलं काहीही त्या दिवशी काढू नका. गावातलं कोणीतरी काढणारच, त्याला आधीच समजावून ठेवा. कारण साहेबांना दोन मागण्या दिल्या की सोपी असेल ती उचलतात आणि नारळ फुटतो सभामंडपाचा.

आता वेळ. विधानसभेत प्रश्न विचारा म्हणाल तर हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला, तोवर तुमचं गाव फडात. पावसाळी अधिवेशन झाल्यातच जमा आहे. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो) अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, त्यामुळे यंदाच्या हंगामाला त्याचा उपयोग नाही. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्यांचं उत्तर मागणारी सूचना, लागली तर नागपूरला लागेल, ती पुढच्या वर्षासाठी. यंदाचं काम होणार ते जिल्ह्याच्या ठिकाणीच: जिल्हा परिषदेच्या सीईओंना आमदारांचं पत्र, आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पालकमंत्र्यांसमोर विषय. ते पत्र तुम्हीच टाइप करून पीएकडे आधी द्या. साहेबांच्या लेटरहेडवर उतरवायला त्याला दहा मिनिटं लागतात, मसुदा करायला सांगितला तर महिना.

कार्यक्रमाला गटशिक्षणाधिकाऱ्यांना बोलवाच, जमलं तर प्राथमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांनाही. आमदारांनी व्यासपीठावरच वळून "प्रस्ताव कुठे अडकतो?" असं विचारलं पाहिजे. ते आपणहून विचारत नाहीत, सूत्रसंचालन करणाऱ्याने तशी जागा करून द्यावी लागते.

आणि आमदार निधीच्या नादी लागू नका. वर्षाला ५ कोटी असतात हे खरं, पण ते कामांसाठी. त्यातून खोली होईल, स्वच्छतागृह होईल, पाण्याची टाकी होईल. लेकरांच्या जेवणाचा खर्च त्यातून निघत नाही.

उघडीपाटी:

कारकूनभाऊंना अनुमोदन. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. एक काळजी घ्या. निमंत्रण मुख्याध्यापकांच्या सहीने काढू नका. आम्हाला वर्तणूक नियम लागू असतात, उद्या कोणी "शिक्षक राजकारण करतात" म्हणून तक्रार केली तर बिचारे सर अडकतील. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष पालकच असतात, त्यांच्या नावाने पत्र जाऊ द्या. शिक्षण हक्क कायद्यानेच समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. तुमचा अधिकार तिथून येतो, कोणाच्या मेहेरबानीने नाही.

दुसरं, हजेरीपट. भाषणापेक्षा तो उघडून दाखवा. सप्टेंबरचं पान आणि जानेवारीचं पान शेजारी शेजारी. सप्टेंबरपर्यंत भरलेल्या ओळी पुढे कोऱ्या पडत जातात ते कुणालाही बसल्या जागी दिसतं. किती मुलांना शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं) देऊन पाठवलं आणि त्यातली किती खरोखर तिकडच्या शाळेत बसली, ही यादीही करा. (बहुतेक कार्डं ट्रंकेतच राहतात, हे आपल्यातलं.)

यादीत एकही नाव खोटं नको. काही ठिकाणी बोगस पटसंख्येच्या तक्रारी झाल्या, तेव्हापासून अधिकारी मंजुरी देताना हात आखडतात आणि "पडताळणी चालू आहे" हे हुकमी उत्तर तयार असतं. तुम्ही घरोघर जाऊन केलेली, आजी-आजोबांचे अंगठे घेतलेली यादी समोर ठेवली तर ते उत्तर चालणार नाही.

फडावरचा:

ताईंनी बोलू नका म्हटलंय तरी बोलतो. इकडचे बरेच पुढारी कारखान्याशी जोडलेले. मुकादम हेच त्यांचे कार्यकर्ते. मजूर जोडपं एकटं गेलं काय, लेकरांसकट गेलं काय, त्यांना काय फरक पडतो? मी स्वतः सातवीपर्यंत कोपीवर वाढलोय. मेळावे घेऊन काही होत नाही, जिल्हा परिषदेच्या दारात बसा.

जुनाकारकून:

भाऊ, राग समजतो. पण हीच मागणी अशी आहे की तिने कोणाच्याही धंद्याला धक्का लागत नाही. उचल (मजुरांना आधी दिलेले पैसे) तेवढीच, टोळी तेवढीच, फक्त लेकरू गावात राहतं. मजुरीचे दर वाढवा म्हणालात तर अंगावर येतील, इथे येणार नाहीत. शिवाय मतांचं गणित आहेच. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला, ऐन गाड्या सुटायच्या दिवसांत झाली. तेव्हा ऊसतोड मजुरांच्या मताची आठवण सगळ्यांना झाली होती. बसायचं असेल तर नंतरही बसता येईल. आधी बोलवा, आदेश आला नाही तर बसा.

डोंगरकडा:

फडावरचा दादा, तुमचं खोटं नाही. पण आमच्यातल्या निम्म्या बायका स्वतःच जाणाऱ्या आहेत. बसायला माणसं उरत नाहीत, म्हणून आधी हा मार्ग.

गावात काही जण म्हणतात संत भगवानबाबा वसतिगृहच मागा, ते सरकारचं पक्कं आहे. ते मागू का सोबत?

उघडीपाटी:

नका मिसळू. ती योजना २०२१ ची, ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं. ती तालुक्याच्या पातळीवर आणि पाचवीपासून पुढच्या मुलांसाठी. तुमचा प्रश्न पहिली ते चौथीचा, ज्यांना आजीच्या कुशीतून उठवून तालुक्याला ठेवता येत नाही त्यांचा. समोरच्याला ही दोन नावं एकसारखी वाटतात आणि "ते तर मंजूरच आहे" म्हणून विषय मिटतो.

निंबोणी२:

मी बालहक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. फक्त मुलांपुरतं बोलते. स्वागतगीत, लेझीम, हातात फलक हे सगळं कटाप. आमदार दोन तास उशिरा येणार हे धरूनच चाला, मुलं वर्गात शिकत बसू देत आणि पाहुण्यांनाच वर्गात न्या.

आधी बालसभा घ्या. मुलं काय मागतात ते तुम्हाला वाटतं त्याहून वेगळं निघतं. एका गावात पहिली मागणी आली ती रात्री शाळेत दिवा असावा, कारण आजीला अंधारात दिसत नाही आणि अभ्यास घ्यायला कोणी नसतं. दोन-तीन मुलांनी आपल्या शब्दांत हे सांगितलं तर बास. पाठ करून घेतलेलं भाषण लगेच ओळखू येतं.

एक ठाम सांगते: ज्या मुलीचं लग्न ठरलं होतं किंवा जिच्यावर फडात काही प्रसंग ओढवला, तिला कितीही "परिणामकारक" वाटलं तरी माईकसमोर उभं करू नका. तिची ओळख उघड करणं कायद्यानेही चालत नाही आणि ती त्याच गावात राहणार आहे. अशी गोष्ट असेल तर १०९८ आहे, ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, तिकडे जा. पत्रकारांनाही हे आधीच बजावा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मात्र घ्या. त्याआधी महिलांची सभा होते, तिथून तो पुढे आणा. ठरावाची नक्कल हातात असली की "गावाची मागणी" असं लिहिता येतं. नुसत्या बचत गटाची म्हणून ती बाजूला सारता येत नाही.

डोंगरकडा:

सगळ्यांचे खूप आभार. ठराव घेतोय, यादीला कालपासून सुरुवात केली. पहिल्याच वस्तीवर एका आजीने चार नातवंडं सांगितली आणि वर विचारलं, "जेवण खरंच भेटल ना, का नुसतं नाव लिव्हायला आलाव?" पत्राचा मसुदा इथेच टाकते, बघून द्या.

शेवटचं एक. आमदार आलेच नाहीत आणि पीएला पाठवलं, तर कार्यक्रम पुढे ढकलायचा का?

जुनाकारकून:

अजिबात नाही. कार्यक्रम तसाच करा. पीएला यादी आणि ठराव द्या, दुसऱ्या प्रतीवर त्याची सही आणि तारीख घ्या. नंतर साहेब कार्यालयात लोकांना भेटतात तो वार विचारून घ्या आणि त्या दिवशी पाच-सहा आज्यांना घेऊन सकाळी लवकर जा, बाहेरची खुर्ची धरून बसा. तिथे पीएचं काही चालत नाही. तुमच्या भागाच्या शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर गेलेल्या आमदारांनाही तेच कागद पाठवा, शाळेचा विषय त्यांच्या घरचा. आणि हो, निवडणुकीची आचारसंहिता मध्ये येते का तेवढं तहसीलमध्ये विचारून मगच तारीख धरा.